राखीव अंतर

दवाखान्याच्या तळघरात गाडी लावून तिने पट्टा सोडला, दाराकडे हात नेला, तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. 'तुमच्या बॅटरीत अधिक रेंज उपलब्ध आहे. आता खुली करा.' खाली रक्कम होती आणि तिच्याखाली दोन चौकोन, 'आता' आणि 'नंतर'. तिने 'नंतर'वर बोट ठेवलं. स्क्रीन काळा पडला, त्यात तिचा चेहरा दिसायला लागला, आणि ती दार न उघडता तशीच बसून राहिली. जाहिरात होती ती, दुसरं काय. दिवसभरात फोनवर अशा दहा येतात, आपण अंगठ्याने त्या माशीसारख्या उडवतो. पण 'उपलब्ध आहे' हे दोन शब्द काही हलेनात. बसवून घ्या, वाढवून घ्या असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे तर म्हणत होतं, आहे. म्हणजे आत्ता ती बसली होती त्या सीटखाली ते होतं. कालही होतं. गाडी घरी आणली, सोसायटीतल्या मुलांनी तिच्याभोवती गराडा घातला, त्या दिवशीही होतं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि दिवस तर अजून सुरूही झाला नव्हता.

लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. जाड दाराची, भिंतींना आतून स्पंज लावलेली एक लहानशी खोली. आत माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडे ती. ती एकेक आवाज बारीक बारीक करत नेते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. एवढंच. पण त्या काचेतून तिने माणसांचे जे चेहरे पाहिले होते ते दुसऱ्या कुठल्या नोकरीत पाहायला मिळाले नसते. आवाज नसतानाही आशेने बटण दाबणारे. आवाज आला तरी खात्री नाही म्हणून बोट अधांतरी धरून बसणारे. आणि अधूनमधून एखादा असा, की ज्याला सगळं स्वच्छ ऐकू येतंय आणि तरी तो ढिम्म. असे तिला लगेच कळायचे. आवाज आला की त्यांच्या डोळ्यांच्या कडा जराशा आवळायच्या. त्या दिवशी सकाळी एक निवृत्त बसचालक आला होता. त्याची बायको बाहेर बाकावर बसून रिसेप्शनिस्टला सांगत होती, यांना जगातलं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही. तपासणीत त्याचा उजवा कान वयाच्या मानाने चांगला निघाला, डावाही चांगला निघाला. तिने तसं सांगितलं तेव्हा तो बंद दाराकडे पाहत हळूच म्हणाला, "बाई, थोडं कमी लिहिता आलं तर बघा. घरात जरा बरं पडतं." ती हसली. तोही हसला. पण तो गेल्यावर ती रिकाम्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीत बसली, आणि स्पंजने चारी बाजूंनी गिळलेल्या त्या शांततेत तिला आपल्या स्वतःच्या रक्ताचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं. नवरा लिफ्ट तपासणारा. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा चालवून, दोर पाहून, तो त्यांना चिठ्ठी देतो, आणि त्यामुळे कुठल्याही यंत्राबद्दल त्याला आश्चर्य म्हणून वाटत नाही. त्याने सांगितलं, त्यात विशेष काही नाही. महागडं मॉडेल आणि आपलं मॉडेल, दोन्हीत बॅटरी तीच. दोन प्रकारच्या बनवण्यापेक्षा एकच बनवणं कंपनीला स्वस्त पडतं. आपल्यातला थोडा भाग सॉफ्टवेअरने बंद करून ठेवलेला असतो, पैसे भरले की उघडतो.

"म्हणजे इतके दिवस आपण ते नुसतंच वाहून नेत होतो?"

"वजन तर तेवढंच असणार," तो म्हणाला. मग त्याने घास संपवून तिला सांगितलं की त्यांच्यातही असंच आहे. लिफ्टमध्ये पाटीवर आठ माणसं लिहितात, दोर त्याहून पुष्कळ जास्त माणसांना पुरेल असा घालतात.

"मग पाटीवर तसं लिहीत का नाही?"

"लिहिलं की चढतात," तो म्हणाला, आणि पाणी आणायला उठला. पाण्याचं भांडं भरता भरता त्याने विचारलं की करायचं का मग ते, तुला रविवारी बरं पडेल. मध्ये थांबायला नको. ती म्हणाली, बघू. बघू म्हटलं की त्यांच्या घरात विषय मिटतो. वीस-बावीस वर्षांच्या संसारात दोघांनीही तो शब्द एकमेकांसाठी असा वापरून वापरून गुळगुळीत केला होता.

रविवारी ती आईकडे जायची. आई दादाकडे असते, हमरस्त्याने पुष्कळ लांब, धरणाखालच्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. दादा जलशुद्धीकरण केंद्रात पाळीवर काम करतो. रविवारी दुपारी जेवून तो ड्युटीवर जातो ते रात्री उशिरा येतो. घरात मग वहिनी आणि आई. आईला विस्मरण होऊन आता बराच काळ झाला. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, गॅस, मग माणसांची नावं, मग माणसं. ती जाते तेव्हा आई न्हाऊन-माखून खिडकीपाशी बसलेली असते, वेणी घातलेली, पावडर लावलेली. कधी तिला ओळखते, कधी आपली धाकटी बहीण समजते, पण हसते. जेवताना जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या गोष्टी सांगते. तिथे आईने ऑपरेटर म्हणून सगळी उमर काढली. कुठल्या साहेबाला कोण बाई कुठून फोन करायची हे तिला अजून मुखोद्गत आहे, आपण जेवलो की नाही हे नाही. जेवण झालं की आई जरा लवंडते, उठते, मग सगळ्यांचा चहा होतो, आणि चहाचा कप विसळून ठेवता ठेवता ती म्हणते, निघते मी, वाटेत गाडी चार्ज करायचीय, तिथे रांग लागते. हे वाक्य आता सगळ्यांच्या इतकं ओळखीचं झालं होतं की वहिनी त्याआधीच तिची पर्स आणून ठेवायची. घरी आल्यावर नवरा विचारायचा, आई कशी आहे. ती सांगायची, तशी बरी आहे. दवाखान्यातही कुणी विचारलं तर, तशी बरी आहे. आणि ते खरंच होतं. तिने पाहिलेली आई तशी बरीच होती. वहिनीच्या मनगटावर एकदा काळंनिळं दिसलं होतं. दार लागलं, असं वहिनी म्हणाली होती.

आणि मग ती जागा. निम्म्या वाटेवर, फर्निचरच्या एका मोठ्या गोदामामागे तीन चार्जिंग यंत्रं उभी होती, त्यांतलं एक कायम बंद. शेजारी उपाहारगृहाची काच लावलेली इमारत, ती कधी उघडलीच नव्हती, काचेवर अजून कागद चिकटवलेले. बाकी सपाट सिमेंट, कडेला वाढलेलं गवत, तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे हमरस्त्यावरून सतत जाणारे ट्रक. रांग तिथे कधीच नसायची. ती वायर जोडायची, सीट मागे टाकायची, चपला काढायची आणि डोळे उघडे ठेवून पडून राहायची. झोपायची नाही, फोन पाहायची नाही, गाणी लावायची नाही. ट्रकचा आवाज लांबून वाढत येतो, शिगेला पोचतो आणि उतरतो, तो उतरताना नक्की कुठल्या क्षणी ऐकू येईनासा होतो ते ती पकडू पाहायची आणि दर वेळी चुकायची, आणि चुकलं तरी इथे कुणी ते लिहून घेत नव्हतं. त्या जागी तिला कुणी ताई म्हणत नव्हतं, अगं म्हणत नव्हतं, बाई म्हणत नव्हतं. गाडी भरली असं यंत्राने सांगितल्यावरही ती पडून राहायची. किती वेळ, ते तिने कधी घड्याळात पाहिलं नाही. उजेड पिवळा व्हायचा, मग राखाडी. गोदामाचा पहारेकरी एकदा काचेवर टकटक करून विचारून गेला होता की बरं आहे ना. तिने हात हलवला होता. सगळ्या आठवड्याचं काय जे तिच्यावर साचायचं ते त्या सिमेंटवर हळूहळू गळून जायचं असं काही नव्हतं. काहीच व्हायचं नाही, आणि तेच तिला हवं असायचं.

म्हणून रोज सकाळी ती 'नंतर' दाबत राहिली. स्क्रीनलाही चिकाटी होती, तो रोज विचारायचा. गाडी सुरू करताना मात्र आता तिला आपल्याखाली ते जाणवायला लागलं. चढावर गाडी जराशी दमली की वाटायचं, दमत नाहीये, दमल्याचं दाखवतेय. नवऱ्याकडे पाहूनही तिला तसं वाटायला लागलं. सकाळी तो बूट घालायला वाकायचा आणि क्षणभर वाकलेलाच राहायचा, तेव्हा याच्यातही काही बंद करून ठेवलेलं असेल का, कुणासाठी ठेवलं असेल, आणि ते उघडायला कुणी त्याला कधी विचारलंय का. मग ती स्वतःवरच वैतागायची. माणूस म्हणजे काय गाडी आहे. पण दुपारी तपासणीच्या वेळी काचेपलीकडे कुणी ढिम्म बसला की पूर्वीसारखं त्याला पकडल्याचं समाधान तिला होईना.

एका रविवारी जेवणं चालू असताना खालून हॉर्न वाजत राहिला. कुणाचा तरी टेम्पो तिच्या गाडीमुळे अडला होता. दादा म्हणाला, तू जेव, मी काढतो, आणि हात धुऊन किल्ली घेऊन गेला. वर आला तो हसत. खुर्चीत बसून त्याने आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "अगं, तुझ्या गाडीत अजून पुष्कळ दम आहे म्हणे. ती स्वतःच सांगतेय. तू ये-जा करशील आणि वर उरेल. कधीपासून आहे हे?"

तिने सांगितलं की असंच आहे काहीतरी, जाहिरात आहे, नक्की माहीत नाही. घास तोंडात होता म्हणून बरं. दादाने त्याच्या केंद्रातल्या पंपांचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तिथेही हल्ली कंपन्या अशाच नाडतात, आणि विषय पंपांवर गेला. आई मध्येच म्हणाली की लाईन जोडते, थांबा. वहिनी आईच्या ताटातली पोळी कुस्करत होती. तिने मान वर केली नाही. वहिनीच्या बोटांकडे ती पाहत राहिली. सगळे तुकडे अगदी सारखे करत होती वहिनी, एरवी एवढे सारखे करायची गरज नसते.

दादा ड्युटीवर गेला. चहा झाला. तिने कप विसळला, पण ते नेहमीचं वाक्य काही तोंडातून बाहेर येईना. नुसतंच निघते म्हणाली. वहिनी म्हणाली, चल, खाली येते. वहिनी कधी खाली येत नसे. आई पुन्हा लवंडली होती, तिच्या खोलीचं दार वहिनीने ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, आणि ती कडी, नणंदेने पाहिलं तर पाहू दे, अशा तऱ्हेने घातली. गाडीपाशी आल्यावर वहिनीने टपावर साचलेली धूळ बोटाने पुसली, बोट पाहिलं, पदराला पुसलं.

"मागे एकदा तू फोन इथेच विसरली होतीस," ती म्हणाली. "आठवतं? मी तुमच्या घरी कळवलं. भाऊजी म्हणाले, अजून पोचली नाही. मग दर अर्ध्या तासाने लावत राहिले मी. माझा जीव टांगणीला. तू पोचलीस तेव्हा चांगला काळोख झाला होता. मी तेव्हा काही विचारलं नाही."

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. तिच्या हातची अक्षरं छापल्यासारखी होती. अजून डब्यांवर तशी अक्षरं असतात, डाळ, साखर, आईच्या गोळ्या. तेव्हापासून आजपर्यंत दोघी एकमेकींशी चांगल्या वागत आल्या होत्या, आणि चांगलं वागताना जे जे टाळायचं असतं ते सगळं टाळत आल्या होत्या.

"मी तुला बोल लावत नाहीये," वहिनी म्हणाली. "कुठेही थांब, कितीही थांब. तुझं तू. पण मला एक संध्याकाळ पाहिजे. रविवारची. तुझ्या दादाची ड्युटी असते, बाई ठेवली तर आई तिला ओरबाडतात. तू थांब. मी जाईन आणि येईन. कुठे जाते ते मला विचारायचं नाही. तू नाही, आणि दादानेही नाही."

"संध्याकाळी आई..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो," वहिनी म्हणाली. "संध्याकाळी."

वर कुठेतरी दार वाजल्यासारखं झालं. वहिनीने वर पाहिलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि जिना चढायला लागली. तिच्या टाचांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत एका लयीत गेला आणि तिथून भरभर.

गोदामामागे ती नेहमीसारखी वळली. गाडी उभी केली. वायर काढली नाही. स्क्रीनवर ती ओळ तिने स्वतःच शोधून काढली, आजवर ती आपणहून येत होती, आज तिला दोन-तीन पानं उलटावी लागली. 'आता' दाबलं, पैसे गेल्याचा फोनवर टुणकन आवाज झाला, आणि मग काही नाही. तिला उगीचच वाटलं होतं की खाली कुठेतरी खट् होईल, कडी सरकल्यासारखं, निदान पंख्यासारखा बारीक आवाज येईल. सवयीने तिने श्वास रोखून ऐकलं. एक ट्रक आला आणि गेला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी आपली निमूट लांब झाली होती, आकडा बदलला होता. घरी पोचून वर पुष्कळ उरणार होतं. यंत्राची काही गरज नव्हती. तरी तिने सीट मागे टाकली, चपला काढल्या. पण नुसतं पडून राहणं आज जमेना. इतके दिवस तिथे थांबायला तिच्याकडे कारण होतं, कारणाच्या आडोशाने ती निवांत पडायची. आता ती एका ओसाड सिमेंटवर पाय वर घेऊन पडलेली एक बाई होती. पहारेकरी लांबून पाहत होता. तिने चपला घातल्या.

नवऱ्याला तिने सांगितलं की केलं ते. तो म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, आता लवकर येत जाशील. ती म्हणाली, नाही, उशिरा.

पुढच्या रविवारी वहिनी दुपारचा चहा न घेताच निघाली. केस मोकळे धुतलेले होते, आणि तिने कधी न पाहिलेले, मऊ तळव्यांचे बूट पायांत होते. गोळ्या कुठे, कपडे कुठे, दूध किती गरम, हे सगळं सांगून झालं होतं. दारात थांबून ती एवढंच म्हणाली की आईंना अडवू नकोस, अडवलं की वाढतं. आणि गेली. आई खिडकीपाशी होती, शांत, उन्हाकडे पाहत. तिला वाटलं, एवढं काही नाही. तिने आईशी एक्स्चेंजच्या गोष्टी काढल्या, आईने दोन सांगितल्या, एकीत तर इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. मग ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून छताला लागलं, आणि आईच्या आवाजात काहीतरी बदललं. आधी कुठल्या शब्दात नव्हतं ते, सुरात होतं, थोडासा वर गेलेला. आई उठली आणि तिने कपाटातून आपली जुनी पर्स काढली. किती वाजले म्हणाली. घरी जायचंय म्हणाली. आई, हे घरच आहे, असं तिने म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर कळलं की हे म्हणायचं नव्हतं. आईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने आजवर आईच्या डोळ्यांत तसं कधी पाहिलं नव्हतं, परक्या शहरात रस्ता चुकल्यावर ज्याला विचारलं तोच लबाड निघावा तसं. तू कोण, असं आईने विचारलं. मी तुझी लेक. माझी लेक लहान आहे, असं आई म्हणाली. तिने आईचा दंड धरला, आईने झटकला, आणि त्या झटक्यातली ताकद पाहून ती मागे सरली. एवढी ताकद त्या वाळक्या देहात कुठून आली, रोज कुठे असते, दुपारी जेवताना घास उचलायला हात थरथरतो तेव्हा कुठे असते. आईने मधल्या दाराला धक्के दिले, पलंगावरच्या उशा खाली टाकल्या, कुणाला तरी मोठमोठ्याने हाका मारल्या. त्या नावाचं त्यांच्या घरात कुणी नव्हतं. शेजारच्या दाराची कडी वाजली आणि पुन्हा लागली. त्यांना सवय होती. सगळ्यांना सवय होती, दुधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळी इमारत हे जाणत होती, आणि ती सगळ्यांना सांगत होती, तशी बरी आहे. वहिनीला फोन करावा असं तिला फार वाटलं. फोन हातात घेतलाही. मग तो तिने फ्रिजवर ठेवला, उताणा नव्हे, पालथा, आणि जाऊन बाहेरचं दार उघडलं.

आई थबकली. उघड्या दाराकडे पाहिलं, पर्स काखेत नीट घेतली, आणि जणू इतका वेळ काही झालंच नव्हतं अशी बाहेर पडली. जिन्याच्या दिव्याला बटण दाबावं लागतं, ते तिने दाबलं नाही. आई कठड्याला धरून दोन मजल्यांमधल्या वळणापर्यंत उतरली आणि तिथे बसली. पर्स मांडीवर, हात पर्सवर, पाठ भिंतीला. ती एक पायरी वर उभी राहिली. मग आईशेजारी बसली, अंग चोरून, पायरी अरुंद होती. गार फरशी, ओल्या चुन्याचा वास, कुणाकडे तरी कुकरची शिट्टी होऊन थांबलेली. आईचा श्वास अजून जोरात चालला होता, तो हळूहळू खाली आला. तिला दिवसभरात हजार आवाज ऐकायची सवय, पण आईचा श्वास तिने इतक्या जवळून लहानपणानंतर ऐकला नव्हता.

आणि तिथे बसल्याबसल्या, किती वर्षांत आठवलं नव्हतं ते आठवलं. जुनं घर, दुसरा मजला. आईची ड्युटी सुटायची आणि ती दोघं भावंडं वर वाट पाहत असायची, भूक लागलेली, भांडणं करून झालेली, आई आली की तिला सांगायच्या तक्रारी तोंडपाठ. एकदा तिला खाली ओळखीच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. ती धावत बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. आई खालच्या पायऱ्यांवर बसली होती. काही करत नव्हती. पर्स मांडीवर घेऊन समोरच्या भिंतीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा असा होता की तो कुणाची आई असलेल्या बाईचा नव्हताच. हाक मारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि पाय न वाजवता आत गेली. बऱ्याच वेळाने आई वर आली ती नेहमीसारखीच, काय रे, काय दिवे लावले आज, असं म्हणत. तिने दादालाही ते कधी सांगितलं नाही. आईला तर नाहीच. नंतर पुष्कळदा चपला खाली थांबलेल्या तिला ऐकू यायच्या, आणि ती पाढे म्हणत बसायची.

"वर पोरं असतील," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मघाचा कुठलाही चढ त्यात नव्हता. "भूक लागली असेल त्यांना. मला कळतं. पण जरा बसू दे."

"बस," ती म्हणाली. "पोरं जेवलीत."

"जेवली?"

"हो. मी वाढलं."

आईने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं असं नाही. पण कुणीतरी भली बाई आहे, पोरांना जेवायला घालून आली आहे, एवढं तिला पटलेलं दिसलं. तिने मान हलवली आणि डोकं भिंतीला टेकलं. थोड्या वेळाने पर्सवरचा एक हात सुटला आणि तिच्या गुडघ्यावर येऊन पडला, जड, निजलेल्या पोराचा पडतो तसा. ती हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. बाहेर काळोख झाला असावा, जिन्यातल्या जाळीतून येणारा उजेड संपला होता.

मग खाली फाटक वाजलं. मऊ तळव्यांचे बूट, तरी तिने ते ओळखले. बूट जिना चढायला लागले, सावकाश, पहिला मजला ओलांडून वळणाशी आले, आणि तिथे थांबले. किल्ल्यांचा आवाज नाही, फोनचा नाही, कुणाशी बोलणं नाही. नुसतेच थांबले. अगदी खालीच, एका वळणावर, वहिनी बसली असेल नाहीतर भिंतीला टेकून उभी असेल. आपण दोघी इथे आहोत हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. एक हाक मारली असती तर ती धावत वर आली असती, काय झालं, आईंना काय झालं, अशी. तिने हाक मारली नाही. आईचा हात गुडघ्यावर घेऊन, आपलाही श्वास जपून घेत, वहिनी उठेल तेव्हा उठेल म्हणून ती अंधारात बसून राहिली.